हिवाळ्यात गार पाण्याच्या टाकीत पोहताय? मग एवढं माहीत हवं

नोव्हेंबर संपत आला की महापालिकेच्या जलतरण तलावावरची गर्दी ओसरते. उन्हाळ्यात जिथे बॅच मिळायला मारामारी, तिथे डिसेंबरात सकाळी आठ-दहा माणसं दिसतात. त्यातले निम्मे साठीच्या पुढचे असतात. कुणाला डॉक्टरांनी गुडघ्यासाठी पोहायला सांगितलेलं असतं, कुणाला साखरेसाठी. फज्रची नमाज पढून थेट टाकीवर येणारेही त्यांच्यात असतात. पोहणं हा व्यायाम म्हणून उत्तमच आहे. सांध्यांवर भार येत नाही आणि दम वाढतो. दीनच्या अंगानेही पोहण्याला मान आहे. निरर्थक खेळात न मोजल्या जाणाऱ्या चार गोष्टींपैकी पोहणं शिकणं ही एक, अशी हदीस इमाम नसाई यांच्या संग्रहात आहे. मुलांना पोहायला शिकवा, हा हजरत उमर (रजि.) यांच्या नावाने सांगितला जाणारा सल्लाही बहुतेकांनी ऐकलेला असतो. त्या रिवायतीच्या सनदीवर मुहद्दिसांमध्ये चर्चा आहे, ती गोष्ट वेगळी.

पण आपल्याकडच्या बहुतेक टाक्यांमध्ये पाणी तापवायची सोय नसते. आणि गार पाणी उन्हाळ्यातल्या पाण्यासारखं वागत नाही. ज्याला वीस वर्षं पोहता येतंय त्यालाही ते पहिल्या मिनिटात गाठू शकतं. म्हणून हिवाळ्यात पोहणं चालू ठेवायचं असेल तर थोडी माहिती आणि थोडी शिस्त लागते.

पाणी नेमकं किती गार आहे?

"गार आहे" आणि "फार गार आहे" हे हात घालून ठरवायचं काम नाही. सकाळी हवाच दहा-बारा अंश असेल तर वीस अंशांचं पाणी हाताला चक्क कोमट लागतं. आत उतरल्यावर कळतं. शे-दोनशे रुपयांत पाण्यात तरंगणारा थर्मामीटर मिळतो. तलावावर नसेल तर चार जणांनी मिळून एक घ्यावा आणि रोजचा आकडा लिहून ठेवावा. पाण्यात अर्धा हात खोलवर मोजावं, पृष्ठभागावर नाही.

आकड्यांचा अर्थ साधारण असा लावता येतो. आंतरराष्ट्रीय पोहण्याच्या शर्यतींसाठी टाकीतलं पाणी 25 ते 28 अंश सेल्सिअस ठेवतात. म्हणजे जोरात पोहणाऱ्या तरुण माणसाला बरं वाटणारं पाणी. 25 च्या खाली गेलं की शरीर थंडीची दखल घ्यायला लागतं, श्वास थोडा चढतो. 22 ते 25 मध्ये सतत हालचाल करणाऱ्याला फारसा त्रास होत नाही, पण कडेला धरून गप्पा मारणारा काकडतो. 18 ते 21 हे खरं गार पाणी. पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, नागपूर या भागातल्या उघड्यावरच्या टाक्या डिसेंबर-जानेवारीत सकाळी बऱ्याचदा या पट्ट्यात येतात. मुंबई-कोकणात समुद्रामुळे रात्री तेवढा गारठा पडत नाही, तिथे पाणी दोन-चार अंश बरं असतं. 15 ते 17 अंश म्हणजे सराव असलेल्यांनीच, तेही मोजून मिनिटं उतरावं. 15 च्या खाली पाणी असेल तर व्यायामाचा विषय त्या दिवशी बंद करून चालायला जावं. निफाडसारख्या ठिकाणी थंडीच्या लाटेत रात्रीचं तापमान पाच-सहा अंशांपर्यंत उतरतं. तशा तीन-चार रात्री सलग गेल्या की उथळ टाकी झपाट्याने गार होते.

टाकी उथळ असेल, शेजारच्या इमारतीची सावली पडत असेल, रात्री वारा असेल तर पाणी लवकर गारठतं. विहिरीचं उलट असतं. खोल विहिरीत जमिनीतून झिरपणारं पाणी वर्षभर जवळजवळ सारख्या तापमानाचं असतं, म्हणून मे महिन्यात ते गार लागतं आणि जानेवारीत त्यातून वाफ निघताना दिसते. मराठवाड्यात, खानदेशात विहिरीवर पोहायला शिकलेली मंडळी म्हणतात, "आम्ही तर थंडीतच पोहायचो, काही झालं नाही." ते खरंही असतं, पण ते पाणी टाकीच्या पाण्यापेक्षा कितीतरी उबदार होतं. त्या भरवशावर शहरातल्या उघड्या टाकीत उडी टाकू नये.

पहिलं मिनिट सगळ्यात धोक्याचं

लोकांना वाटतं, गार पाण्यात माणूस हळूहळू गारठून मरतो. प्रत्यक्षात जास्त माणसं त्याच्या कितीतरी आधी, पहिल्या दोन-तीन मिनिटांत अडचणीत येतात. कातडीला एकदम गार पाणी लागलं की नकळत एक मोठा श्वास आत ओढला जातो. तो आपल्या ताब्यात नसतो. शिंक जशी येते तसा तो येतो. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल, म्हणजे सूर मारला असेल, तर पाणी सरळ छातीत जातं. त्यानंतर श्वास जोरजोरात चालतो, मिनिटाला चार-पाच पट हवा आत-बाहेर होते. हृदयाचे ठोके वाढतात, कातडीतल्या रक्तवाहिन्या आवळतात आणि रक्तदाब चढतो. हे सगळं पहिल्या अर्ध्या मिनिटात शिगेला पोचतं आणि दोन-तीन मिनिटांत उतरतं. इंग्लंडच्या पोर्ट्समथ विद्यापीठातले प्राध्यापक माइक टिप्टन यांनी यावर अनेक वर्षं काम केलं आहे. हा धक्का 10 ते 15 अंशांच्या पाण्यात सर्वांत जोराचा असतो, पण 20 अंशांच्या पाण्यातही तो असतोच.

दुसरी एक बाब टिप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली आहे. अंगाला गार पाणी लागलं की हृदयाला पळ असा हुकूम जातो. त्याच वेळी चेहरा पाण्यात बुडवून श्वास रोखला तर सावकाश हो असा उलटा हुकूम जातो. दोन्ही एकदम गेले तर ठोके बेताल होऊ शकतात. तरुण, निरोगी माणसात ही गडबड बहुधा आपोआप मिटते. ज्याच्या हृदयात आधीच काही दोष आहे त्याच्यासाठी तीच जीवावर बेतू शकते. म्हणून हिवाळ्यात वरून उडी नाही, सूर नाही, आणि आल्याआल्या पाण्याखाली श्वास रोखायच्या पैजा तर अजिबात नाहीत. जमिनीवर मिनिटभर श्वास रोखणाऱ्याला फार गार पाण्यात काही सेकंदांतच तोंड उघडावं लागतं.

मग उतरायचं कसं? हिवाळ्यात वुजू करणाऱ्याला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही. आधी हात, मग चेहरा, मग कोपरापर्यंत, मग पाय. गार पाणी अंगाला असं टप्प्याटप्प्याने लागलं की सोसवतं. टाकीवरही तसंच करावं. कडेला बसून पाय सोडावेत, हातांवर, मानेवर, तोंडावर, छातीवर पाणी घ्यावं. शिडीने उथळ बाजूला उतरावं. कमरेपर्यंत गेल्यावर थांबून हळूहळू, लांब फुंकर घातल्यासारखा श्वास सोडत राहावं. श्वास आत घ्यायची काळजी करू नये, तो येतोच; सोडण्याकडे लक्ष द्यावं. बोलता येतंय, वाक्य पूर्ण होतंय, इतका श्वास खाली आला की मान बुडवावी आणि मगच पहिली फेरी सुरू करावी. पहिल्या दोन फेऱ्या डोकं वर ठेवून सावकाश कराव्यात. याला दोन-तीन मिनिटं लागतात, आणि नेमकी तीच मिनिटं निभावून न्यायची असतात.

चुकून कुणी एकदम खोल भागात पडलंच तर लगेच हातपाय मारायला लागू नये. पाठीवर होऊन, कान पाण्यात ठेवून मिनिट-दीड मिनिट तरंगत राहावं. धक्का ओसरतो, मग कडेला यावं.

शरीराला याची सवय होते, ही त्यातली चांगली बाजू. गार पाण्यात दोन-तीन मिनिटांच्या पाच-सहा बुडींनंतरही श्वासाचा धक्का बराच कमी होतो, आणि ती सवय काही महिने टिकते. त्यामुळे ऑक्टोबरपासून खंड न पाडता पोहत राहणाऱ्याला जानेवारी तेवढा जड जात नाही. दोन महिने सुट्टी घेऊन ऐन थंडीत नव्या वर्षाचा संकल्प म्हणून उतरणाऱ्याचे हाल होतात. आयर्लंड आणि स्कॉटलंड यांच्यामधली नॉर्थ चॅनल पोहून जाणाऱ्यांना 10 ते 14 अंशांच्या पाण्यात कित्येक तास काढावे लागतात. पुण्याच्या रोहन मोरे यांनी तीही पार केली आहे. पण ती महिनोन् महिने चढवत नेलेली सवय असते, शिवाय बरोबर बोट असते. आपल्या टाकीत आपल्याबरोबर बोट नसते.

हात लाकडासारखे होतात तेव्हा

धक्का ओसरला की बरं वाटायला लागतं. "आता काही नाही, आता मजा येतेय" असं वाटायला लागतं तेव्हाच दुसरी गोष्ट हळूहळू सुरू झालेली असते. हवेपेक्षा पाणी उष्णता सुमारे 25 पट वेगाने वाहून नेतं. शरीर आतले अवयव उबदार ठेवण्यासाठी हातापायांचा रक्तपुरवठा आखडता घेतं. स्नायू आणि नसा गार पडतात आणि हातांतली ताकद जाते. फेरीमागे हात जास्त मारावे लागतात, पाय खाली जायला लागतात, बोटं आपोआप पसरतात आणि जुळत नाहीत. माणसाला हे स्वतःला कळतंच असं नाही. कडेला उभ्या असलेल्याला आधी कळतं.

एक साधी परीक्षा आहे. दर चार फेऱ्यांनी थांबून अंगठा करंगळीला टेकवून पाहावा. टेकला नाही, किंवा टेकवायला प्रयत्न करावा लागला, की त्या दिवसाचं पोहणं संपलं. हुडहुडी भरली तरी संपलं. हुडहुडी थांबण्याची वाट पाहत पोहत राहणं ही सर्वांत मोठी चूक, कारण फार गारठलेल्या माणसाची हुडहुडी खरोखरच थांबते आणि ते सुधारण्याचं लक्षण नसतं. बोलताना जीभ जड होणं, विचारलं एक आणि उत्तर दुसरंच देणं, उगाच चिडणं, पावलं अडखळणं ही शरीराचं आतलं तापमान उतरल्याची चिन्हं आहेत. ते 35 अंशांच्या खाली गेलं की त्याला वैद्यकीय भाषेत हायपोथर्मिया म्हणतात.

किती वेळ पोहायचं? थंड पाण्यात पोहणाऱ्यांमध्ये एक ढोबळ हिशेब चालतो: जितके अंश तितकी मिनिटं. 20 अंशांना वीस मिनिटं, 17 ला सतरा. हा कुठला शास्त्रीय नियम नाही. पहिल्या आठवड्यात त्याच्या निम्माच वेळ धरावा. अंगात चरबी कमी असलेला सडपातळ माणूस लवकर गारठतो, साठीनंतर हुडहुडी उशिरा आणि कमी भरते, आणि लहान मुलं तर सगळ्यांत आधी गार पडतात, कारण वजनाच्या मानाने त्यांच्या कातडीचा पसारा मोठा असतो. दहा वर्षांचं पोर ओठ निळे पडले तरी "अब्बा, अजून पाच मिनिटं" म्हणतं. तिथे त्याचं ऐकायचं नसतं. 20 अंशांच्या खाली लहान मुलांना व्यायामासाठी उतरवण्यात काही हशील नाही.

पोहताना पोटरीत किंवा तळपायात गोळा येणं गार पाण्यात जास्त होतं. आधी जमिनीवर पाच-सात मिनिटं अंग मोकळं केलं, हात फिरवले, जागेवर पळालं तर त्रास कमी होतो. मात्र घाम फुटेपर्यंत नको. गोळा आला तर पाठीवर व्हावं, पायाचा पंजा आपल्याकडे ओढून धरावा, दुसऱ्या हाताने कडेकडे सरकावं.

फज्रनंतर की जुहरच्या आधी?

आपल्या बिरादरीत पहाटेच्या व्यायामाची चांगली सवय आहे. फज्र झाली, आता परत झोपण्यापेक्षा टाकीवर जाऊ. उन्हाळ्यात हे अगदी बरोबर. पण जानेवारीत पुण्यात सूर्योदयच सातनंतर होतो आणि हवा सर्वांत गार असते ती सूर्योदयाच्या सुमाराला. पाणीही रात्रभर उष्णता गमावून त्याच वेळी सर्वांत गार झालेलं असतं. त्यात अंधुक उजेड. बुडणारा माणूस ओरडत नाही, हात हलवत नाही, गुपचूप खाली जातो. अंधारात तो दिसणारही नाही.

त्यापेक्षा हिवाळ्यापुरती बॅच बदलून घ्यावी. ऊन चढल्यावर, अकरा ते साडेबारा, किंवा जुहर पढून अस्रपर्यंत. पाण्यात फार तर एक-दोन अंशांचाच फरक पडतो, पण बाहेर आल्यावरच्या हवेत दहा-पंधरा अंशांचा फरक असतो, आणि त्रास तिथेच जास्त होतो. नोकरी करणाऱ्याला रोज दुपार जमणार नाही, हे मान्य. त्याने मग शनिवार-रविवार पोहावं आणि बाकीचे दिवस चालावं. सकाळचीच बॅच घ्यायची असेल तर निदान पूर्ण उजाडल्यानंतरची घ्यावी.

बायकांच्या बॅचेस बऱ्याच तलावांवर दुपारच्या आसपास ठेवलेल्या असतात. एरवी त्या वेळेबद्दल कुरकुर होते, हिवाळ्यात मात्र तीच वेळ सोयीची ठरते.

पोशाखाचा प्रश्न

सतर सांभाळून पोहायला आता अडचण राहिलेली नाही. ऑस्ट्रेलियातल्या अहेदा झनेट्टी या लेबनीज वंशाच्या डिझायनरने 2004 च्या सुमारास बुर्किनी तयार केली. तेव्हापासून पूर्ण अंगाचे नायलॉन-लायक्राचे पोशाख आपल्याकडच्या दुकानांतही मिळायला लागले. पुरुषांसाठी गुडघ्याखाली येणाऱ्या स्विमिंग पँट मिळतात. पण एक गैरसमज काढायला हवा. पूर्ण बाह्यांचा पातळ पोशाख घातला म्हणजे थंडीपासून बचाव झाला, असं नाही. लायक्रा पातळ असतं, पाणी आरपार जातं. पाण्यात त्याचा फायदा नगण्य आणि बाहेर आल्यावर उलट तोटा, कारण ओलं कापड अंगाला चिकटून राहतं आणि वाऱ्याने सुकताना अंगातली ऊब घेऊन जातं. पाण्याच्या एका ग्रॅमची वाफ व्हायला सुमारे 580 कॅलरी उष्णता लागते, ती आपल्या कातडीतून जाते. मराठवाडा-विदर्भातल्या कोरड्या हवेत तर हे फार झपाट्याने होतं. म्हणून पूर्ण पोशाख घालणाऱ्या बहिणींनी बाहेर येताच तो बदलायला हवा, कडेला बसून गप्पा नकोत.

खरी ऊब निओप्रिनच्या सूटमध्ये असते. त्याच्या फेसाळ रबरात हवेचे बारीक बुडबुडे असतात आणि आत अडकलेला पाण्याचा थर अंगाच्या उष्णतेने तापतो. आपल्या हवामानात दोन-तीन मिलिमीटर जाडीचा पुरतो. तो अंगासरशी असतो, म्हणून वरून सैल पोहण्याची पँट किंवा झगा घालणारेही आहेत. तिथे ज्याने त्याने आपल्या आलिमांना विचारावं. सुती सलवार-कमीज, ओढणी, सुती टी-शर्ट घालून मात्र पाण्यात उतरू नये. भिजल्यावर ते जड होतं, पायात अडकतं, आणि बरेच तलाव ते चालूही देत नाहीत.

डोक्याला सिलिकॉनची टोपी घालावी, कान झाकून. हुडवर टोपी चढवली तर हुड सरकतही नाही. ज्यांना वर्षानुवर्षं गार पाण्यात पोहायचंय त्यांनी कानात बोळे वापरावेत. सतत गार पाणी जाऊन कानाच्या नळीत हाड वाढतं आणि ती अरुंद होते, हा लाटांवर खेळणाऱ्यांमध्ये नेहमी दिसणारा विकार आहे.

कुणी उतरूच नये

हा भाग वाचून सोडून देऊ नये. छातीत दुखण्याचा त्रास, आधी आलेला हृदयविकाराचा झटका, स्टेंट किंवा बायपास, अनियमित ठोके, औषधानेही ताब्यात नसलेला रक्तदाब यांपैकी काही असेल तर हृदयरोगतज्ज्ञाला स्पष्ट शब्दांत विचारावं: "डॉक्टरसाहेब, वीस अंशांच्या पाण्यात पोहू का?" नुसतं "पोहू का" विचारलं तर ते "हो, जरूर" म्हणतील, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर उन्हाळ्यातली टाकी असते.

दम्याच्या माणसाला गार हवा आणि गार पाणी दोन्हींमुळे धाप लागू शकते. इनहेलर कडेला, हाताशी हवा, लॉकरमध्ये नाही. फिट येणाऱ्याने गार पाण्यात उतरूच नये. गारठ्याने अंगावर गांधी उठणाऱ्यांनी तर फार जपावं. हात गार पाण्याखाली धरल्यावर लाल चट्टे येत असतील तर सगळं अंग पाण्यात गेल्यावर रक्तदाब कोसळून शुद्ध हरपू शकते. थंडीत बोटं पांढरीफटक पडणारे, थायरॉइड कमी असणारे, गरोदर बहिणी यांनीही आधी डॉक्टरांशी बोलावं.

मधुमेही मंडळी टाकीवर बरीच असतात, म्हणून थोडं सविस्तर. व्यायामही साखर खातो आणि हुडहुडीही. दोन्ही मिळून साखर एकदम उतरू शकते. साखर उतरल्यावरची थरथर आणि थंडीची थरथर सारखीच दिसते, त्यामुळे माणूस चुकतो. इन्शुलिन घेणाऱ्याने आधी साखर तपासावी, उपाशीपोटी उतरू नये, आणि नंतर लगेच कढत पाण्याने आंघोळ करू नये. इंजेक्शनच्या जागी ऊब मिळाली की इन्शुलिन झपाट्याने रक्तात जातं. पाय बधीर असतील तर गारठलेल्या पायाला झालेली जखम कळत नाही. टाकीवरून आल्यावर तळवे पाहावेत.

ताप, खोकला, छातीत कफ असताना पोहू नये. सर्दी विषाणूंमुळे होते, गार पाण्यामुळे नाही, हे खरं. पण अंगात ताप असताना जोराचा व्यायाम हृदयाला सोसत नाही.

आणि एक लक्षण कायम ध्यानात ठेवावं. गार पाण्यात पोहताना कधी कधी चांगल्या तब्येतीच्या माणसाच्याही फुफ्फुसात पाणी साठतं, नाकातोंडात पाणी न जाताच. पोहता पोहता श्वास पुरत नाही, खोकला येतो, फेसाळ किंवा गुलाबी थुंकी पडते. थकवा समजून बसू नये. पाण्यातून बाहेर, बसतं ठेवावं आणि सरळ दवाखाना.

वजन कमी करायला गार पाणी चांगलं, असंही काही जण सांगतात. त्यात फार दम नाही. गार पाण्यातल्या व्यायामानंतर भूक जास्त लागते, हे प्रयोगांत दिसलंय आणि टाकीवरून थेट नाश्त्याच्या गाड्यावर गेलेल्या कुणालाही ते माहीत आहे. उतरण्यापूर्वी मात्र तासभर आधी हलकं काहीतरी पोटात असावं. दोन-तीन खजूर आणि गरम दूध पुरे. निहारी खाऊन टाकी नको.

टाकी कशी आहे ते बघा

एकट्याने पोहू नये. जीवरक्षक आहे का आणि तो पाण्याकडे बघतोय का, दोन्ही बघावं. हिवाळ्यात गर्दी नसते म्हणून कर्मचारी कमी केले जातात आणि उरलेला शेकोटीपाशी असतो. चार-पाच मित्र मिळून जात असाल तर एक जण आळीपाळीने कोरड्या कपड्यांत कडेला थांबावा. टाकीचा तळ स्पष्ट दिसत नसेल तर उतरू नये. गार पाण्यात शेवाळ कमी धरतं म्हणून देखभालीकडे दुर्लक्ष होतं, आणि क्लोरीनही थंडीत सावकाश काम करतं.

बाहेर आल्यावरची अर्धी घडी

पाण्यातून बाहेर आलं की संपलं, असं वाटतं. पण शरीराचं आतलं तापमान त्यानंतरही काही काळ उतरतच राहतं, दहा मिनिटं ते अर्धा तास. हातापायांत अडलेलं गार रक्त परत फिरायला लागतं, गार स्नायू आतली ऊब शोषतात. म्हणून पाण्यात ठीक असलेला माणूस चेंजिंग रूममध्ये पोचल्यावर थरथरायला लागतो, कधी भोवळ येऊन पडतो.

कपडे आधीच उतरत्या क्रमाने मांडून ठेवावेत, जे पहिलं घालायचं ते वर. बोटं बधीर झाल्यावर बंद-बटणं जमत नाहीत. ओलं काढून आधी छाती-पाठ कोरडी करून बनियन-स्वेटर, मग कानटोपी, मग बाकीचं, मोजे विसरू नका. लांब केस पूर्ण पुसल्याशिवाय स्कार्फ बांधू नये, ओला स्कार्फ डोक्यावर गार पट्टीसारखाच. मग थर्मासमधला गरम गोड चहा. कढत शॉवरखाली लगेच उभं राहू नये. कातडीतल्या रक्तवाहिन्या एकदम सैल पडतात, रक्तदाब उतरतो आणि ओल्या फरशीवर माणूस कोसळतो. अंग उबदार झाल्यावर, वीस-पंचवीस मिनिटांनी, कोमट पाण्याने आंघोळ करावी.

आणि मोटारसायकल! आपल्याकडे निम्मे लोक टाकीवरून ओल्या डोक्याने थेट दुचाकीवर बसतात. अंगाचं तापमान उतरत असताना, बधीर बोटांनी ब्रेक धरत, चाळीसच्या वेगाने समोरून गार वारा. किमान अर्धा तास थांबावं, हुडहुडी पूर्ण गेल्यावर आणि मूठ घट्ट वळायला लागल्यावरच किल्ली लावावी.

रोजा आणि गार पाणी

येत्या काही वर्षांत हा प्रश्न वाढत जाणार आहे. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. 2027 मध्ये तो फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात येतोय, 2028 मध्ये जानेवारीअखेर, आणि 2030 मध्ये तर जानेवारीच्या सुरुवातीला आणि पुन्हा डिसेंबरअखेर असा दोनदा सुरू होईल. गार पाणी अंगावर घेतल्याने रोजा तुटत नाही. पण पोहताना घोटभर पाणी घशाखाली गेलं, तर रोजा आठवत असताना चुकून गेलं तरी हनफी मसलकात तो तुटतो आणि कजा करावी लागते. गार पाण्यात पहिला श्वास आपल्या ताब्यात नसतो हे वर आलंच आहे, म्हणजे धोका दुहेरी. शिवाय दिवस कलताना शरीरातला साखरेचा साठा कमी झालेला असतो, थरथरून ऊब निर्माण करायला इंधन उरत नाही. रमजानमध्ये चालणं आणि तरावीह पुरेशी आहे. पोहायचंच तर इफ्तारनंतर दीड-दोन तासांनी, तेही दिवे लागलेल्या, जीवरक्षक असलेल्या टाकीत.

"थंडीला काय घाबरायचं, ईमान मजबूत पाहिजे," असं म्हणणाऱ्यांसाठी एक वाकया. सन 8 हिजरीत जातुस्सलासिलच्या मोहिमेवर हजरत अम्र बिन आस (रजि.) यांना कडाक्याच्या थंडीच्या रात्री गुस्लची गरज पडली. गार पाण्याने जीव जाईल या भीतीने त्यांनी तयम्मुम करून नमाज पढवली. पुढे रसूलुल्लाह (सल्ल.) यांनी विचारलं तेव्हा त्यांनी सूरे निसामधल्या, स्वतःला मारू नका या अर्थाच्या आयतीचा दाखला दिला. त्यावर आप (सल्ल.) हसले आणि काही बोलले नाहीत. अबू दाऊद यांच्या सुननमध्ये ही रिवायत आहे. फर्ज नमाजसाठी जिथे सवलत आहे, तिथे व्यायामासाठी कसली जिद्द?

कुणी गारठला किंवा बुडाला तर

शुद्धीवर आहे पण थरथरतोय, बरळतोय: आडोशाला न्यावं, ओले कपडे काढावेत, कोरडं पांघरूण डोक्यासकट गुंडाळावं, खालीही काहीतरी घालावं कारण फरशी ऊब खेचते. नीट गिळता येत असेल तरच गरम गोड पेय द्यावं. हातपाय चोळू नयेत, शेकोटीपाशी नेऊन शेकू नये, चालायला लावू नये. गरम पाण्याच्या पिशव्या कापडात गुंडाळून काखेत आणि छातीला लावता येतात. 108 ला फोन करावा, महाराष्ट्रात ही रुग्णवाहिका मोफत आहे.

बुडत असेल तर पाठोपाठ उडी टाकू नये. ट्यूब, दोर, बांबू, काही नाही तर गाठी मारलेली चादर फेकावी. बाहेर काढल्यावर श्वास चालू नसेल तर पोट दाबून किंवा उलटं धरून पाणी काढण्यात वेळ घालवू नये. हनुवटी वर करून, नाक चिमटीत धरून तोंडाने आधी दोन ते पाच श्वास द्यावेत. मग छातीच्या मध्यभागी, पाच सेंटिमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120 या गतीने तीस दाब, पुन्हा दोन श्वास, असं मदत येईपर्यंत चालू ठेवावं. गार पाण्यातून काढलेला माणूस निळा, ताठ दिसला तरी थांबू नये. आणि जो खोकून उठून बसला, "मी ठीक आहे" म्हणाला, त्यालाही त्याच दिवशी रुग्णालयात न्यावं. फुफ्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनी सुरू होऊ शकतो.